हिमनदीचा नवस

तीस वर्षे मी भूगोल शिकवला. ‘हिमनदीचे कार्य’ हा पाठ आला, की फळ्यावर खडूने एक डोंगर काढावयाचा, त्याच्या उतारावर यू आकाराची दरी काढावयाची, वरच्या अंगाला हिमगव्हर आणि पायथ्याशी हिमोढ दाखवावयाचा आणि मुलांना सांगावयाचे, की बर्फ घट्ट दिसला तरी तो वाहतो, म्हणूनच आपण त्याला नदी म्हणतो. राहात्याच्या परिसरातील ती मुले. पाटाला आवर्तन कधी सुटणार, हे त्यांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षा चांगले ठाऊक असे. एकदा पहिल्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, तुम्ही पाहिली आहे का हिमनदी?” मी म्हटले, “पुस्तकात पाहिली आहे.” वर्ग हसला, मीही हसलो. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

निवृत्तीनंतर, २०२३ च्या जून महिन्यात, आमच्या भागातील काही कॅथलिक कुटुंबांबरोबर मी युरोपच्या यात्रेला गेलो. रोम, असिसी आणि लूर्द ही आमची तीर्थस्थाने. त्यांच्या मध्ये, प्रवासी कंपनीच्या पत्रकात लिहिल्याप्रमाणे, स्वित्झर्लंडमधील ‘एक दिवस बर्फाचा’. खरे सांगावयाचे तर माझे अर्धे मन त्या एका दिवसासाठीच निघाले होते. त्या दिवसाने मला जे विचारले, त्याचे उत्तर मी अद्याप शोधत आहे. म्हणून हा लेख.

त्या दिवशी आम्ही युंगफ्राउयोख येथे गेलो. समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटर उंचीवर तेथे रेल्वेचे स्थानक आहे. १८९६ मध्ये सुरू झालेले हे काम १९१२ मध्ये पुरे झाले. आयगर आणि म्योंख या दोन पर्वतांच्या पोटातून सात किलोमीटरांचा बोगदा खोदून ही दातेरी रुळांची गाडी वर नेली आहे. आमच्या मार्गदर्शकाने गाडीतच बजावले होते, “वर दोन तास आहेत. पाहणे, छायाचित्रे, खाणे, सगळे त्यातच. खालची गाडी चुकवू नका.” आम्ही मुलांसारखे माना डोलावल्या.

वरच्या सज्जावर उभे राहिल्यावर समोर आलेच हिमनदी दिसते. आल्प्समधील ही सर्वांत मोठी हिमनदी, सुमारे वीस किलोमीटर लांब. दोन्ही बाजूंनी येणारे बर्फाचे प्रवाह मधल्या अंगावर गडद पट्टे ओढत एकत्र होतात आणि वळण घेऊन दृष्टीआड जातात. तीस वर्षे मी फळ्यावर जो हिमोढ पांढऱ्या खडूने काढत होतो, तो प्रत्यक्षात काळा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आले. वाऱ्यामुळे आले, असे मी शेजारच्या बाईंना सांगितले.

त्यानंतर आम्ही बर्फात कोरलेल्या गुहेत गेलो. हिमनदीच्याच अंगात खोदलेली ती दालने आहेत. तेथे एक माहिती कळली आणि ती माझ्या मनात काट्यासारखी राहिली. पाहावयास येणाऱ्या माणसांच्या देहाच्या उष्णतेने त्या भिंती वितळू नयेत म्हणून तेथील हवा यंत्राने थंड ठेवावी लागते. आम्ही चाळीस माणसे भक्तिभावाने, कौतुकाने, भिंतींना हात लावीत चाललो होतो. आमचे कौतुक हीच त्या बर्फाची आपत्ती होती.

राहात्याच्या माणसाला एका गोष्टीचे शिक्षण जन्मजात मिळते. शिर्डी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. देशभरातून येणाऱ्या गाड्या आमच्या रस्त्याने जातात. अर्ध्या दिवसात येऊन, दर्शन घेऊन, संध्याकाळी परत निघणारी माणसे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. इतक्या घाईत यांना काय मिळत असेल, असे मला अनेकदा वाटे. आता मी स्वतःच हातात घड्याळ धरून दोन तासांत हिमनदी ‘करून’ निघालो होतो. दुसऱ्याच्या घाईविषयी मनात जो किंचित अहंकार होता, तो त्या दिवशी उतरला. मात्र त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहिला: नुसते पाहणे आणि दर्शन घेणे यांत फरक कोणता?

माझ्यापुरते मला असे वाटते, की पाहणाऱ्याचे पाहून झाले की संपते, पण दर्शन घेणाऱ्यावर काही ऋण चढते. ज्याचे दर्शन घेतले त्याचे आपण काही लागतो, ही भावना त्यात असते. लूर्दच्या गुहेपुढे उभे राहिलेला माणूस घरी येऊन पूर्वीसारखाच कडू बोलू लागला, तर आपण म्हणतो, हा फिरून आला, यात्रा करून आला नाही. हीच कसोटी हिमनदीला लावली तर? ती तर कोणी संत नव्हे, देव नव्हे. ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर ईयोबाला हिमाच्या भांडारांविषयी विचारतो, तेव्हा त्या दुःखी माणसाला एवढेच उमगते, की हे भांडार आपले नाही, आपण त्याचे धनी नाही. धनी नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या भांडारात कसे वावरावे, हाच खरा प्रश्न आहे.

आणि भांडार तर रिते होत आहे. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपल्या आकारमानाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. आलेच हिमनदीचे टोक १८६० च्या सुमारापासून तीन किलोमीटरांहून अधिक मागे सरकले आहे. तिच्या काठावर १८७७ मध्ये गिर्यारोहकांसाठी कोंकोर्डिया नावाचे निवासस्थान बांधले गेले, तेव्हा बर्फ तेथून सुमारे पन्नास मीटर खाली होता. आता बर्फावरून तेथे जाण्यासाठी लोखंडी जिन्याच्या चारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. घर जागेवरच आहे, अंगण खाली गेले आहे.

यात माझा वाटा किती? मुंबईहून तेथवर विमानाने जाऊन परत येण्यात एका प्रवाशाच्या वाट्याला साधारणपणे एक टन कार्बन डायऑक्साइड येतो. शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये असा हिशेब मांडला होता, की असा एकेक टन वायू आर्क्टिक समुद्रावरील उन्हाळ्याअखेरच्या बर्फाचे सुमारे तीन चौरस मीटर नाहीसे करतो. तो समुद्रावरचा बर्फ, पर्वतावरचा नव्हे, हे खरे. तरीही मी मनाशी मोजले: अंगणात दोन खाटा शेजारी टाकल्या तर जेवढी जागा व्यापतील, जवळजवळ तेवढा बर्फ माझ्या एका हौसेपायी गेला. मी गेलो नसतो तरी विमान उडालेच असते, असे कोणी म्हणेल. हे उत्तर मला परिचयाचे आहे. नक्कल करताना पकडलेला प्रत्येक विद्यार्थी मला हेच सांगत असे: सगळेच करीत होते, सर.

आता ज्या गोष्टीसाठी या लेखाला हे शीर्षक दिले, तिच्याकडे वळतो. ती मला परत आल्यानंतर वाचनात सापडली. त्या उंच सज्जावर उभे असताना ती कोणी सांगितली नाही.

सतराव्या शतकात हीच आलेच हिमनदी वाढत होती. तिचा बर्फ खालच्या कुरणांकडे सरकत होता, आणि तिच्या कडेला साठणारे मेर्येलन नावाचे सरोवर फुटून दरीतील गावांवर पूर येत. १६५३ मध्ये भयभीत ग्रामस्थांनी जवळच्या जेझुइट धर्मगुरूंना बोलावले. आठवडाभर प्रवचने झाली. मग चार तासांची वाट तुडवीत, पावसात, उघड्या डोक्यांनी मिरवणूक हिमनदीपर्यंत गेली. तेथे मिस्सा झाली, बर्फावर पवित्र पाणी शिंपडले गेले आणि संत इग्नेशियस यांची प्रतिमा उभारली गेली. पुढे १६७८ मध्ये फीश आणि फीशरताल या गावांनी मिळून नवस केला: आम्ही सदाचाराने राहू आणि हिमनदी वाढू नये म्हणून प्रार्थना करू. १८६२ पासून दरवर्षी ३१ जुलैला, संत इग्नेशियस यांच्या सणाच्या दिवशी, गावकरी मिरवणुकीने एर्नरवाल्ड येथील मारियामातेच्या कपेलाकडे जाऊ लागले.

नवस फळाला आला, असे म्हणावे लागेल. मिरवणूक सुरू झाली त्याच सुमारास हिमनदी मागे हटू लागली, आणि ती हटतच राहिली. इतकी, की ज्या गावाने तिच्या वाढीला भिऊन नवस केला त्याच गावाला तिच्या नसण्याचे भय वाटू लागले. पण नवस तर पूर्वजांनी केलेला, ख्रिस्तसभेच्या साक्षीने केलेला. तो मोडायचा कसा? २००९ मध्ये गावकऱ्यांनी रोमकडे अनुमती मागितली, आणि २०१० मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने त्या प्रार्थनेची दिशा बदलली. हिमनदी वाढू नये म्हणून करावयाची प्रार्थना आता ती नाहीशी होऊ नये म्हणून होऊ लागली.

प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. देवाला माणसाने किती गोंधळात टाकावे! आपणही तेच करतो. कांदा काढणीला आला की पाऊस नको, लावणीला आला की हवा. मग मी तो नवस पुन्हा वाचला, आणि माझे हसू थांबले. त्या नवसाचे दोन भाग होते. एक मागणी होती, आणि एक वचन होते. हिमनदी थांबावी ही मागणी, आणि आम्ही सदाचाराने राहू हे वचन. रोमने बदलली ती केवळ मागणी. वचन बदलण्याचे कारणच नव्हते. बर्फ वाढो की घटो, सदाचाराने राहण्याचे वचन दोन्ही वेळी तेच लागू पडते.

आपण नवस करतो तेव्हा बहुधा मागणीच पाठ ठेवतो आणि वचन विसरतो. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला मी लहानपणापासून जात आलो. माझ्या मागण्यांची यादी मला आजही आठवते: परीक्षा, नोकरी, आईचे दुखणे, मुलीचे लग्न. त्या त्या वेळी मी बदल्यात काय कबूल केले होते, ते मात्र नीट आठवत नाही. मेणबत्ती लावली की फिटले, असे बहुधा मी धरून चाललो.

त्या नवसातली आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. तो एकट्या माणसाचा नवस नव्हता. दोन गावांनी तो मिळून केला होता. हिमनदी एकट्याच्या कुरणावर येत नाही, म्हणून एकट्याच्या सदाचाराने तिचे काही होत नाही, हे त्या मेंढपाळांना कळले होते.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, आपल्याला हिमनदीचे काय? आपली गोदावरी त्र्यंबकच्या डोंगरात पावसाच्या पाण्यावर उगम पावते. गंगेमागे गंगोत्रीचा बर्फ आहे, आपल्यामागे केवळ मृग आणि हस्त. हे खरे आहे. मीही वर्गात असेच शिकवले. परंतु आता मला वाटते, की मी अर्धेच शिकवले. आपल्यालाही एक हिमनदी आहे. ती दिसत नाही, एवढेच. आपल्या काळ्या मातीखाली मुरूम आहे, त्याखाली बेसॉल्टचा कठीण खडक आहे. त्या मुरमात, खडकाच्या भेगांत पावसाचे पाणी मुरते आणि साठते. पावसाळ्यात भरावे आणि उन्हाळ्यात हळूहळू द्यावे, हेच हिमनदीचे काम. आपल्याकडे ते काम जमिनीचे पोट करते. ते पोट लहान आहे, आणि आपण त्यातून भरते त्यापेक्षा अधिक काढीत आहोत. आलेचच्या काठावरचा जिना लांबत जातो, आपल्याकडे बोअरच्या पाइपाची लांबी वाढत जाते. त्या जिन्याच्या पायऱ्या प्रवासी मोजतात. आपल्या पाइपाची लांबी कोणी तिकीट काढून पाहावयास येत नाही.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला प्रथम शिकविणाऱ्यांत एक स्वित्झर्लंडचाच माणूस होता, हा योगायोग मला मोठा वाटतो. फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी आपले आयुष्य नगर जिल्ह्याच्या कोरड्या गावांना दिले. धावत्या पाण्याला चालावयास लावा, चालत्या पाण्याला थांबवा आणि थांबलेल्या पाण्याला मुरवा, हे पाणलोटाचे सूत्र त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत, बांधाबांधाने राबविले. क्रिस्पिनो लोबो यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी पाणलोट विकासासाठी संस्था स्थापन केली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे काम आजही दाखले म्हणून सांगितले जाते. २०२१ मध्ये ते निवर्तले. बर्फाच्या देशातून आलेल्या त्या धर्मगुरूने आपल्याकडे बर्फ आणला नाही. आपल्या जमिनीतच हिमनदी आहे, हे त्याने आपल्याला दाखविले.

आता माझ्या घरची गोष्ट. वडिलांनी लावलेली पेरूची बाग माझा धाकटा भाऊ पाहतो. राहात्याच्या पेरूचे नाव सर्वांना ठाऊक आहे, त्याच पेरूवर आमची शिक्षणे झाली. जमीन अद्याप सामाईक आहे. बागेत चार बोअर आहेत, त्यांपैकी दोन कोरडे पडले. मी युरोपहून परतलो तेव्हा भावाने कागद पुढे ठेवला. पाचवा बोअर घ्यावयाचा होता, सहाशे फुटांचा. कर्जासाठी माझी सही हवी होती.

मी त्याला हिमनदीची हकिगत सांगू लागलो. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “दादा, तुम्ही बर्फ बघायला गेलात तेवढ्या पैशांत दोन बोअर झाले असते.”

मला उत्तर सुचले नाही. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तो पुढे म्हणाला, “आपण नाही घेतला तर शेजारचा घेईल. पाणी काय बांध ओळखतं?” हेही खोटे नव्हते. आकाशातून विमानाने जाऊन आलेल्या माणसाने, वाळणाऱ्या झाडांखाली उभ्या असलेल्या माणसाला संयम शिकवावा, यात काहीतरी अशोभनीय आहे. हवामानाविषयी जगात जो वाद चालतो, तो तंतोतंत आमच्या ओट्यावर आला होता. मी उपभोगून आलो होतो, आणि त्याग त्याच्याकडून मागत होतो.

तथापि ‘पाणी बांध ओळखत नाही’ या वाक्यात आमच्या दोघांचीही उत्तरे होती. पाणी बांध ओळखत नाही म्हणूनच एकट्याचा बोअर हा एकट्याचा नसतो, आणि एकट्याचा संयमही पुरेसा नसतो. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे करून दाखविले. तेथे शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही, हे गावाने मिळून ठरविले. त्या वर्षीचे पाणी मोजून मग पिके ठरविण्याची पद्धत पाडली. नवस हा शब्द कोणी उच्चारला नसेल, पण माझ्या दृष्टीने तो फीशच्या नवसाचाच भाऊ आहे. त्यात मागणी आहे, वचन आहे आणि दोन्ही सर्वांचे मिळून आहे.

मी भावाला म्हटले, “सही करीन किंवा करणार नाही, हे आज सांगत नाही. आधी आपल्या ओढ्याच्या काठचे सगळे एकदा बसू.” सात खातेदारांना निरोप दिला. दोघे आले. भावाने चहा केला. पहिला तास जुन्या भांडणांतच गेला. शेवटी एवढे ठरले, की उन्हाळ्यात ओढ्यावरच्या जुन्या बंधाऱ्यातला गाळ काढावयाचा आणि तोपर्यंत तिघांपैकी कोणी नवा बोअर घ्यावयाचा नाही. गाळ काढला. खर्चातला मोठा वाटा मी उचलला, कारण प्रवासाचा हिशेब माझ्या डोक्यावर होता. त्याने तो फिटला, असे मी मानीत नाही. पैसे देऊन पापमुक्त होता येते, असे मानण्याची किंमत आपल्या ख्रिस्तसभेने इतिहासात एकदा मोजली आहे.

विहिरीला किती पाणी वाढले, हे छातीठोकपणे सांगण्याइतके पावसाळे अजून झालेले नाहीत. बागेतील एक ओळ गेली. भाऊ माझ्याशी बोलतो, पण तो कागद त्याने टाकून दिलेला नाही. कपाटात आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही टाकून दिला नसता.

मग मी हिमनदी पाहावयास गेलो हे योग्य झाले का? अनेकदा विचार करूनही मला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते, की जाण्याचे समर्थन जाण्यात नसते. ते परत आल्यानंतरच्या वर्तनात असते, आणि ते कधीच पुरे होत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये आपल्या परिपत्रकात सृष्टीला आपले सामाईक घर म्हटले. सामाईक घराचा अर्थ राहात्याच्या माणसाला कोणी समजावून देण्याची गरज नाही. सामाईक मालमत्तेत सगळ्यांच्या सह्या लागतात.

दरवर्षी ३१ जुलैला ती आल्प्समधली माणसे पहाटे निघत असतील. त्याच दिवशी आपल्याही देवळांत संत इग्नेशियस यांची मिस्सा होते. त्या मिस्सेला मी आता न चुकता जातो. पाऊस मागतो. आलेचसाठीही मागतो. मागून झाल्यावर बाकावर थोडा वेळ बसून राहतो आणि बदल्यात आपण काय कबूल केले होते, ते आठवण्याचा प्रयत्न करतो.